आकड्यांतली अक्षरे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला 'आज तुम्ही चार शब्द बोला' असे सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझा सारा जन्म दुसऱ्यांचे शब्द टाइप करण्यात गेला. पस्तीस वर्षे अंबरनाथहून लोकलने ठाण्याला जावयाचे आणि कचेरीत मराठी टाइपरायटरपुढे बसावयाचे. साहेबांनी सांगावे आणि मी ते बडवावे, एवढाच माझा शब्दांशी व्यवहार. स्वतःचे बोलण्याची सवय नाही. परंतु चिटणीसबाई ऐकेनात. 'माईंच्या कागदाची हकीकत तुम्हीच सांगितली पाहिजे, कारण ती बोटे तुमची होती,' असे त्या म्हणाल्या. तेव्हा उभी राहिले आहे. कोठे चुकले तर सांभाळून घ्यावे.

विषय संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांकांचा आहे हे ऐकून कोणी घाबरू नये. कोडी घालणे आणि सोडवणे हा आपल्या बायकांचा जुनाच छंद आहे. उखाण्यात नाव दडवावयाचे, हादग्याला डब्यातली खिरापत ओळखावयाची, हे आपण सगळ्यांनी केलेले आहे. माझी आजी आणि तिची धाकटी जाऊ तर माजघरात बसून अंकपल्लवीत बोलत असत. व्यंजनांचे वर्ग पाडावयाचे. पहिला आकडा वर्गाचा आणि दुसरा त्या वर्गातल्या अक्षराचा. क-वर्ग पहिला धरला तर प-वर्ग पाचवा, म्हणून 'पाच-पाच' म्हणजे म. स्वयंपाकघरातले गुपित ओसरीवरच्या पुरुषांना कळू नये म्हणून ही योजना. कॉम्प्युटर याहून फार निराळे काही करीत नाही. तो फक्त कंटाळत नाही.

मला स्वतःला ही गोडी लावली माझ्या नातीने. एके दिवशी तिने माझ्या मोबाइलवर नुसते चार आकडे पाठवले : ६५, ६५, ७४, ७३. मी म्हटले, हा कोणाचा फोन नंबर? ती हसली आणि म्हणाली, 'आजी, प्रत्येकातून ६४ वजा कर.' वजा केले. एक, एक, दहा, नऊ. आता इंग्रजी मुळाक्षरे मोज. पहिले ए, पुन्हा ए, दहावे जे, नववे आय. म्हणजे काय झाले? 'आजी'! मला इतका आनंद झाला की त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडले.

हे ६४ कोठून आले, हे सांगते. वाण्याच्या दुकानात ६४, ३२, १६, ८, ४, २ आणि १ अशी सातच वजने आहेत असे समजा. प्रत्येक वजन एकदाच पारड्यात घालावयाचे, नाहीतर खाली ठेवावयाचे. एवढ्यावर शून्यापासून १२७ पर्यंत कोणताही भार तोलता येतो. घरी जाऊन करून पाहा. कॉम्प्युटरला वजन घातले आणि वजन न घातले, ह्या दोनच गोष्टी कळतात. म्हणून १९६३ साली अमेरिकेत एक सर्वमान्य यादी ठरली. तिचे नाव आस्की. तीत १२८ जागा. मोठ्या ए-साठी ६४ चे वजन आणि १ चे वजन, म्हणजे ६५. बी-साठी ६४ आणि २, म्हणजे ६६. लहान लिपीतला ए पाहिजे असेल तर त्यातच ३२ चे वजन टाका, ९७ झाले. ह्या ३२ च्या वजनाला विसरू नका, पुढे त्याचे काम आहे.

आता तुम्ही विचाराल, त्या १२८ जागांत आपला क कोठे? कोठेच नाही. इंग्रजी अक्षरे, आकडे, विरामचिन्हे आणि यंत्राला द्यावयाच्या काही खुणा, एवढ्यात यादी भरली. पुढे आणखी एक वजन वाढवून जागा २५६ केल्या, तरी त्या नव्या जागांवर युरोपातल्या टोपीवाल्या आणि शेपटीवाल्या अक्षरांनी मुक्काम ठोकला. मराठी छापणारांची पंचाईत झाली. त्यांनी मग एक युक्ती केली, आणि तीच आमच्या कोड्याचे मूळ आहे. कॉम्प्युटरला सांगावयाचे की हे लहान ई आहे, क्रमांक १०१. परंतु पडद्यावर ई-चे चित्र काढण्याऐवजी म-चे चित्र काढावयाचे. आत इंग्रजी आणि अंगावर नऊवारी! अशा वेषांतराला फॉन्ट म्हणतात. कृतिदेव, श्रीलिपी, आकृती असे कित्येक फॉन्ट निघाले आणि प्रत्येकाची नेसवण्याची तऱ्हा वेगळी. लग्नपत्रिका, कचेऱ्यांचे कागद, मासिके, सगळे काही वर्षानुवर्षे असेच तयार झाले. तो फॉन्ट त्या कॉम्प्युटरवर असेपर्यंत सर्व ठीक. फॉन्ट नसला की लुगडे गळून पडते आणि आतले इंग्रजी उघडे दिसते, ज्याला इंग्रजीतही काही अर्थ नाही.

आता माईंच्या कागदाकडे येते. नव्या भगिनींना माई ठाऊक नसतील. आपल्या मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा. भिशी, शिवणवर्ग, बालवाडी, जे काही आज आपण वार्षिक अहवालात मिरवतो, त्याची सुरुवात त्यांच्या ओटीवर झाली. माई २०१९ साली गेल्या. यंदा स्मरणिका काढावयाची ठरली तेव्हा त्यांच्या लेकीने कपाटातून एक सीडी काढून दिली. वर माईंच्या अक्षरात लिहिलेले, 'मंडळाची हकीकत, २००१'. त्या वेळी त्यांनी एका दुकानातून ती टाइप करून घेतली होती; स्मरणिका त्या वर्षी पैशांअभावी निघाली नाही आणि सीडी तशीच राहिली.

आमच्या शेजारच्या मुलाने ती कॉम्प्युटरवर उघडली. आठ पाने निघाली, आणि आठही पाने इंग्रजी अक्षरांच्या खिचडीने भरलेली. मुलगा म्हणाला, 'काकू, फाइल खराब झाली आहे.' तेथेच सारे संपावयाचे. मी सहज चष्मा लावून पहिली ओळ पाहिली. लहान ई, एफ, जी, वाय, के. मनात काही आले नाही. परंतु टेबलावर ठेवलेली माझी बोटे आपली आपण हलली. ई-च्या जागी टाइपरायटरवर काय असते? म. एफ-च्या जागी पहिली वेलांटी. जी-वर ह. वाय-वर ल. के-वर काना. म, वेलांटी, ह, ल, काना. 'महिला'!

भगिनींनो, निवृत्त होऊन मला कित्येक वर्षे झाली. हातांना संधिवात आहे. परंतु त्या क्षणी मी त्या मुलापुढे जी ताठ बसले ती साहेबांपुढेही कधी बसले नव्हते. कृतिदेव फॉन्ट करणारांनी अक्षरांची मांडणी जुन्या टाइपरायटरवरून घेतली होती, त्यामुळे ज्यांची बोटे त्या यंत्रावर तयार झालेली, त्यांना हे कोडे अर्धे सुटलेलेच होते. अर्धेच म्हणते, कारण चार-दोन कळा निराळ्या होत्या. पुढचा शब्द 'मं' पर्यंत बरोबर आला आणि मग मोठा एम आणि मोठा जी. ते माझ्या यंत्राशी जुळेनात. परंतु 'महिला मं'च्या पुढे दुसरे काय असणार? म्हणून मोठा एम म्हणजे ड, मोठा जी म्हणजे ळ, असे एका वहीत लिहून ठेवले. कोडे सोडवण्याची सर्वांत चांगली रीत हीच आहे. जेथे शब्द आधीच ठाऊक आहे तेथून आत शिरावयाचे.

मग दर गुरुवारी दुपारी आम्ही चौघीजणी बसू लागलो. एकीने आकडे वाचावयाचे, एकीने वहीत शोधावयाचे, मी बोटे हलवावयाची आणि चौथीने चहा करावयाचा. आकडे अशासाठी की छापील कागदावर लहान एल आणि आकडा एक, मोठा ओ आणि शून्य, यांचा घोटाळा होतो. क्रमांकाचा होत नाही. म्हणून त्या मुलाने प्रत्येक अक्षराखाली त्याचा आस्की क्रमांक छापून दिला होता. 'महिला' म्हणजे १०१, १०२, १०३, १२१, १०७.

पहिला शोध बालवाडीच्या बाईंनी लावला. ज्या अक्षराच्या क्रमांकातून ३२ चे वजन काढले, ते अक्षर अर्धे होते! १०१ म्हणजे म; त्यातून ३२ गेले की ६९, मोठा ई, आणि तो अर्धा म. १२१ म्हणजे ल, ८९ म्हणजे अर्धा ल. न, प, त, व, च, ज, ग, ब, क, स, इतक्यांना हा नियम लागू पडला. सगळ्यांना पडत नाही, ह-ला पडत नाही. कारण सोपे आहे. टाइपरायटरवर शिफ्ट दाबली की अर्धे अक्षर उमटे, आणि कॉम्प्युटरला शिफ्ट म्हणजे ३२ चा फरक.

दुसरे म्हणजे १०७ फार वेळा येई. मराठीत काना पुष्कळ असतो हे खरे, पण इतका? 'भिशी' ह्या शब्दाने आम्हांला दोन गुरुवार छळले. १०२, ७२, १०७, ३९, १०७, १०४. वेलांटी, मग काहीतरी, काना, मग काहीतरी, पुन्हा काना, आणि दीर्घ ई. कोणी 'तिजाशा' वाचले, कोणी काय. शेवटी मला आठवले की यंत्रावर भ आणि श पूर्ण नसतातच. अर्धा भ मारावयाचा आणि त्याला उभी रेघ जोडावयाची. ती रेघ म्हणजेच काना. म्हणून ७२ आणि १०७ मिळून एक भ, ३९ आणि १०७ मिळून एक श. आणि ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. आपण तोंडाने 'भि' म्हणतो तेव्हा आधी भ आणि मग इ येते. यंत्राला ते ठाऊक नाही, ते दिसते तसे मारते.

गुप्त लिपीचे हे वेड महाराष्ट्राला नवे नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले आणि पंथाबाहेर ते शतकानुशतके कोणाला वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे अशा संशोधकांनी त्यांची किल्ली लोकांपुढे आणली, तेव्हा लीळाचरित्र आपल्याला मिळाले. त्यांतले भावे म्हणजे ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे. १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले ते त्यांच्याच खटपटीने. आमची किल्ली आठ पानांची होती, एवढाच फरक. आणि महानुभावांनी मुद्दाम दडवले होते. माईंचे आपोआप दडले.

सहाव्या पानावर मात्र आम्हां चौघींचे हसणे थांबले.

जुन्या भगिनींना १९९७ सालची गोष्ट आठवत असेल. शिवणयंत्रांसाठी आपण निधी जमवला होता. वर्षअखेरीस हिशेब वाचला, तेव्हा त्यात पाच हजार रुपये कमी भरले. त्या वेळच्या खजिनदार म्हणजे आपल्या वहिनी. त्यांना विचारले, त्या काही बोलल्या नाहीत. पुन्हा विचारले, तरी नाही. माई सभेला होत्या. त्याही खाली मान घालून बसल्या, आणि आम्हांला वाटले की लाजेने बसल्या. सहा महिन्यांत पैसे भरून आले, परंतु कसे आले ते कोणी सांगितले नाही, आणि लोकांनी जे समजावयाचे ते समजून घेतले. वहिनींनी राजीनामा दिला. तो स्वीकारावा म्हणून ज्या हात वर झाले त्यांत एक हात माझा होता. त्यानंतर त्यांच्या घरचे हळदीकुंकू मी चुकवीत आले. एकदा बाजारात समोरासमोर आलो तेव्हा मी कोथिंबिरीची जुडी उगाच उलटसुलट करीत राहिले.

माईंनी त्या पानावर काय लिहिले होते ते स्मरणिकेत छापलेच आहे, म्हणून थोडक्यात सांगते. एका भगिनीच्या यजमानांचा कारखाना बंद पडला होता आणि त्याच आठवड्यात मुलाची शस्त्रक्रिया ठरली होती. समितीला विचारावयाला वेळ नव्हता. माईंनी स्वतःच्या जबाबदारीवर निधीतून पैसे काढून दिले आणि खजिनदारबाईंना शपथ घातली की त्या भगिनीची वाच्यता होता कामा नये. पुढे आपण सभेत सांगू, असे त्यांच्या मनात होते. पण सभेच्या दिवशी ती भगिनी समोरच बसली होती आणि माईंच्या तोंडून शब्द फुटला नाही. 'माझ्या भित्रेपणाचे माप दुसरीच्या पदरात पडले,' असे त्यांनी लिहिले आहे.

आम्ही वाचता वाचता रकमेपाशी आलो. येथे आकडे साध्या अक्षरांत नव्हते. एक क्रूसासारखी खूण आणि तिच्यापुढे तीन वेळा डोक्यावर वर्तुळ असलेला ए. ती खूण बारीक आणि छपाई फिकी. ह्या खुणा आम्ही तारखांवरून लावल्या होत्या. संक्रांतीचे हळदीकुंकू १४ जानेवारीला, तेथे क्रूसाचा अर्थ चार. वर्तुळवाला ए म्हणजे शून्य. तेव्हा चार हजार.

कोणी तरी हळूच म्हणाले, 'मग उरलेले एक हजार?'

नाव घेत नाही. कोणाच्याही मनात आले असते. माझ्या आले होते. चहा तसाच निवला. एका आकड्यासाठी वहिनींची सुटका अर्धीच झाली होती, आणि अर्धी सुटका ही मूळच्या संशयापेक्षा वाईट. कारण आता त्याला पुरावा मिळाल्यासारखे होणार.

त्या रात्री मला झोप आली नाही. पहाटे आठवण झाली ती आपल्या शिवमंदिराची. मंदिराच्या शिलालेखातला शक आधी ७८२ असा वाचला गेला होता आणि पुढे तो ९८२ ठरला, म्हणजे इसवी सन १०६०. दगडातला एक झिजलेला आकडा आणि देऊळ एकदम दोनशे वर्षांनी तरुण झाले! विद्वानांची जर ही गत, तर फिक्या शाईवर विसंबून राहणाऱ्या आम्ही कोण? आणि आम्ही स्वतःच ठरवले होते की चित्र पाहावयाचे नाही, क्रमांक पाहावयाचा. त्या एका ठिकाणी मुलाने क्रमांक छापले नव्हते, कारण ही चिन्हे पहिल्या १२८ जागांच्या बाहेरची होती.

सकाळी सातला मी त्या मुलाच्या दारात. बिचारा दात घासत होता. त्याने जुन्या यादीतले क्रमांक काढून दिले. आम्ही आधी ठाऊक असलेल्या तारखा घेतल्या. १४ जानेवारी : १३१, १३४. म्हणजे १३१ एक आणि १३४ चार. १५ ऑगस्टचे झेंडावंदन : १३१, १३५. म्हणजे १३५ पाच. सरळ आहे; १३१ पासून १३९ पर्यंत एक ते नऊ रांगेने, आणि शून्य तेवढे दूर जाऊन २२९ वर बसलेले. आता सहावे पान. त्याने बोट ठेवले आणि वाचले : १३५, २२९, २२९, २२९.

पाच हजार.

कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले तेव्हा दिसले की चारचा क्रूस एका आडव्या दांडीचा आणि पाचचा दोन दांड्यांचा. छपाईत दोन्ही दांड्या मिळून एक झाल्या होत्या.

आम्ही चौघी त्याच दुपारी वहिनींकडे गेलो. ते घर इतक्या वर्षांत मी पाहिले नव्हते. त्यांनी पाणी दिले, चष्मा शोधला, पान दोनदा वाचले. आम्हांला वाटले रडतील, रागावतील. मी माफी मागण्यासाठी वाक्य पाठ करून गेले होते, ते घशातच राहिले. त्यांनी कागदाची घडी घालून विचारले, 'त्या बाईचे नाव कोठे नाही ना?' आम्ही म्हटले, नाही. 'मग छापा,' म्हणाल्या, आणि चहा टाकावयाला आत गेल्या. मी मागोमाग गेले. तेथे ओट्यापाशी जे बोलणे झाले ते आमच्या दोघींचे आहे. वहिनी आज सभेला आल्या आहेत. कोठे बसल्या आहेत ते सांगणार नाही, आणि कोणी मान वळवू नये.

राहिलेली दोन पाने मुलाने एका तयार सोयीने क्षणात मराठीत करून दिली. होय, अशी सोय आहे. फॉन्टचे नाव कळले की ती जुना मजकूर आजच्या युनिकोडमध्ये आणते. आम्ही इतके गुरुवार घालवले ते ऐकून तो पोटभर हसला. हसू दे. तरी त्या सोयीने जेवणावळीच्या हिशेबात 'आचार्यांना शंभर रुपये' असे केले, ते मीच पकडले. माईंनी शंभर रुपये कोणा आचार्यांना कशाला दिले असतील? ते 'आचाऱ्यांना' होते! टाइप करणाराने रफार देऊन भागवले होते.

युनिकोडमध्ये ही अडचण नाही. १९८८ साली आणि सुधारून १९९१ साली आपल्याकडे इस्की नावाची भारतीय लिप्यांची यादी ठरली. १९९१ च्याच युनिकोडने देवनागरीची मांडणी तिच्यावरून घेतली आणि आपल्या लिपीला २३०४ पासून २४३१ पर्यंत स्वतःच्या १२८ जागा मिळाल्या. तेथे वेषांतर नाही. म-चा क्रमांक म-चाच, २३५०. वेलांटीही आता अक्षरानंतर येते, आपण बोलतो तशी. साधा र २३५२ आणि आपल्या आचाऱ्यांचा ऱ २३५३. आचार्य आणि आचारी यांच्यात फक्त एकाचे अंतर. बॅटमधला ॲ मात्र 'ॲ' म्हणून स्वतंत्रपणे २००८ साली आला, क्रमांक २४१८. हे मी सांगत असता उल्हासनगरहून येणाऱ्या आपल्या सिंधी भगिनींनी विचारले, 'आमच्या अक्षरांचे काय?' सिंधीत ग, ज, ड आणि ब हे श्वास आत ओढूनही म्हणतात. देवनागरीत लिहिताना त्या चार अक्षरांखाली रेघ येते. पाहिले तर ॻ २४२७, ॼ २४२८, ॾ २४३० आणि ॿ २४३१, २००६ सालापासून. त्यांनी ते चार आकडे हातरुमालाच्या चिठ्ठीवर लिहून नेले.

ज्यांच्या घरी जुन्या सीड्या, फ्लॉपी, न वाचता येणारे कागद असतील त्यांनी गुरुवारी तीन वाजता ते घेऊन यावे. चहा मिळेल.

आणि मुलांसाठी एक कोडे. क म्हणजे २३२५. तेथून मुळाक्षरांच्या क्रमाने मोजत जा, ख २३२६, ग २३२७, असे. न-पर्यंत सारे सुरळीत जाईल, २३४४. पुढे सावध राहा. २३४५ वर द्रविड भाषांतल्या न-साठी ऩ बसला आहे, म्हणून प २३४६. र-नंतर ऱ, मग २३५४ वर ल, लगेच २३५५ वर ळ. काना २३६६, ह्रस्व वेलांटी २३६७, दीर्घ २३६८, ह्रस्व उकार २३६९, दीर्घ २३७०. आता हे सोडवा : २३४०, २३६७, २३५५, २३२७, २३७०, २३५५. ज्यांना उत्तर येईल त्यांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या आईबरोबर यावे. त्या दिवशी ते हातावर मिळेल.